शाळा अंगणात गेली तेव्हा

आम्ही वारजे माळवाडीत बालवाडी चालवतो. परवा एक आई तणतणत आली. "दोन महिने झाले, पोरगी नुसते खडे मांडतेय. अ आ कधी शिकवणार?" आम्हाला उत्तर सुचेना. कारण त्याच आठवड्यात आम्हीही तिच्या लेकीच्या हातातले खडे काढून पाटी दिली होती, आणि पोर दिवसभर गप्प बसली होती. म्हणून आज या खड्यांचीच जुनी गोष्ट सांगतो.

मुलाने वस्तू स्वतः हाताळत, आपल्या गतीने शिकावं, बाईंनी मध्ये लुडबुड करू नये, हे इटलीच्या माँटेसरीबाईंनी सांगितलं. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने ही पद्धत रुजवली. पण तिची साधनं महाग. १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत बालवाडी सुरू झाली तेव्हा ताराबाईंनी शिंपले, खडे, बिया, पानं यांचीच साधनं केली. मदतीला अनुताई वाघ आल्या. त्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या.

बालवाडी चालली, पण हरिजन वस्तीतली मुलं येईनात. 'आईबापांना शिक्षणाची किंमत नाही' म्हणून हात झटकता आले असते. आपण किती वेळा झटकतो! ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, तर शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल आधी, शाळा त्याच्यामागून.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज ते नाव घेतलं की आपल्याला वजनकाटा, खाऊ आणि रजिस्टरं आठवतात. खडे-शिंपले मागे पडले.

त्या आईला आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात बसवलं. बोलू नका, फक्त बघा, म्हटलं. आम्हालाही गप्प बसणं जड गेलं. लेकीने खड्यांच्या दोन ओळी मांडल्या, एकासमोर एक. एका ओळीत दोन खडे उरले. ते उचलून तिने दोन्हीकडे एकेक ठेवला आणि पुन्हा जुळवून पाहिलं. आई भाजी विकते. ती हळूच म्हणाली, "अगं बाई, ही तर वाटे लावतेय!"

मग उठताना तिने विचारलंच, "पण पहिलीच्या प्रवेशाला हे चालेल का?" तिची काळजी खोटी नाही, आणि तिला देण्यासारखं पक्कं उत्तर आमच्याकडे नव्हतं. पाटी आम्ही खड्यांच्या टोपलीशेजारी ठेवली आहे. अजून तिने हात लावलेला नाही.