मोंढ्यातली पेंड आणि कोळंबीचा रंग

लातूरची आडत आणि नांदेडचा मोंढा एके काळी तूर, ज्वारी, करडई, कापसावर चालत. 1990नंतर चित्र पालटत गेलं. साडेतीन महिन्यांत रान मोकळं करणारं, मागे हरभऱ्याला जागा देणारं सोयाबीन कोरडवाहू शेतकऱ्याला परवडलं. एका क्विंटलमागे तेल निघतं सुमारे 18 किलो. उरते 80 किलोच्या आसपास पेंड. म्हणूनच सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीच्या मागणीवर ठरतो.

ही पेंड आधी कोंबड्यांपुढे गेली, मग कोळंबीच्या तळ्यांत. 1990च्या दशकाच्या मध्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने भारतातली टायगर कोळंबीची शेती मोडून पडली. 2009मध्ये व्हनामी जातीला परवानगी मिळाली. तिला टायगरपेक्षा कमी प्रथिनं पुरतात, त्यामुळे महागड्या मासळीच्या भुकटीऐवजी सोयापेंड वापरणं सोपं झालं.

पण पेंडीत रंग नव्हता.

कोळंबीचा लाल रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. जिवंतपणी ते प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून कोळंबी करडी-निळसर दिसते. कढईत उष्णता लागली की प्रथिन विस्कटतं आणि रंग उमलतो. हे द्रव्य कोळंबीला मुळापासून घडवता येत नाही. समुद्रात ते शेवाळ आणि त्यावर जगणाऱ्या सूक्ष्म जिवांतून मिळतं. जुन्या खाद्यातली कोळंबीच्या डोक्यांची भुकटी थोडीफार भर घाली. सोयापेंडीत अ‍ॅस्टाझँथिन नाहीच. दाण्यात असलेली थोडी पिवळी रंगद्रव्यंही हेक्झेन या द्रावकाने तेल काढताना तेलासोबत निघून जातात.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडमध्ये निळसर पडलेल्या टायगर कोळंबीला अ‍ॅस्टाझँथिनयुक्त खाद्य दिलं, तेव्हा रंग परतला. पुढच्या प्रयोगांत जगण्याचं प्रमाण आणि ताण सोसण्याची ताकदही अनेकदा वाढलेली दिसली. आज किलोभर खाद्यात साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम घालतात. ते कारखान्यात बनवलेलं असतं किंवा हेमॅटोकोकस शेवाळातून, फॅफिया यीस्टमधून काढलेलं.

तळ्यांशी असलेलं हे नातं लातूरकरांना 2021मध्ये चटका देऊन गेलं. सोयाबीन क्विंटलला 10,000 रुपयांवर गेलं असताना, कोंबडी आणि कोळंबी खाद्यवाल्यांच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्टमध्ये 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आयातीला मुभा दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळले. कोळंबी खाद्याचे मोठे कारखाने आंध्रच्या किनाऱ्यालगत आहेत. पण मत्स्यविज्ञान महाविद्यालय लातूर जिल्ह्यात, उदगीरला आहे. पेंडीपासून पुरं खाद्य घडवण्याचं काम याच भागात उभं राहिलं, तर सोयाबीन उत्पादकाला दाण्याच्या भावापलीकडचा वाटा मागता येईल.