विमानांतील मुलें व त्यांची करमणूक

उभी हयात मुलांकडून लढायांच्या व तहांच्या सनावळ्या पाठ करून घेण्यांत घालविलेल्या शिक्षकानें विमानांतील मुलांच्या करमणुकीवर भाषण करावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. दोन वर्षांपूर्वीं मलाहि तें तसेंच वाटलें असतें. परंतु सुटींत आजोळीं आलेल्या सात वर्षांच्या नातवाला विलायतेंत त्याच्या आईबापांकडे परत पोंचविण्यासाठीं मी जेव्हां प्रथमच विमानांत बसलों, तेव्हां एका प्रश्नानें मला सबंध प्रवासभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं. आणि घरीं परतल्यावर त्या प्रश्नाचा माग काढतां काढतां मी पुन्हां माझ्या जुन्या विषयाच्याच, म्हणजे इतिहासाच्या, दारांत येऊन उभा राहिलों. प्रश्न असा कीं, विमानांत बसलेलें मूल कंटाळूं लागलें तें केव्हांपासून?

‘पहिल्यापासूनच’ असें उत्तर कोणीहि देईल. मला तें पटत नाहीं. माझ्या मतें विमान आधीं जन्मास आलें आणि मुलाचा कंटाळा त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानें जन्मास आला. हें कसें घडलें तेंच आज सांगावयाचें आहे.

आमच्या पिढीचा बालपणचा प्रवास म्हणजे आगगाडीचा. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास एकवीस मैलांचा पहिला प्रवास करणाऱ्या चौदा डब्यांत सुमारें चारशें पाहुणे होते. आणि तेव्हांपासून आमच्याकडील आगगाडींतल्या मुलास कोणी मुद्दाम रमवावें लागलें नाहीं. खंडाळ्याच्या घाटांत बोगदे मोजावे, आपले मोजलेले आणि धाकट्या भावाचे मोजलेले जुळले नाहींत म्हणून भांडावें, कर्जतला वडा घ्यावा, स्टेशनाच्या पाट्या मोठ्यानें वाचाव्या. खिडकी हेंच त्याचें पुस्तक होतें, आणि तें दर क्षणाला पान उलटीत असे.

प्रारंभींचीं विमानें ह्या बाबतींत आगगाडीचींच भावंडें होतीं. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राईट बंधूंचें यंत्र पहिल्या खेपेस बारा सेकंद उडालें व एकशेंवीस फूट गेलें. त्यानंतर सवासात वर्षांनीं, १८ फेब्रुवारी १९११ रोजीं, आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत सुमारें साडेसहा हजार पत्रें नेलीं. आपल्या देशांत विमानाच्या आरंभींच्या उतारूंपैकीं एक असा टपालाचा थैला होता. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस विमान आणलें, तेव्हांहि त्यांच्या मागें टपालच होतें. टपालाचा थैला कंटाळत नाहीं, हें एक बरें.

माणसांची नियमित ने-आण करणारी इंग्लंड-हिंदुस्थान विमानसेवा ‘इम्पीरियल एअरवेज’ने ३० मार्च १९२९ रोजीं सुरू केली. लंडनहून कराचीस पोंचावयास सात दिवस लागत व भाडें १३० पौंड पडे. बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोव्हापर्यंत आगगाडी, पुढें भूमध्यसमुद्रावरून पाण्यावर उतरणारें विमान, आणि ईजिप्तपासून पुन्हां जमिनीवरचें विमान, असा तो प्रवास! एवढे पैसे मोजून मुलांना बरोबर नेणारीं कुटुंबें विरळाच असणार. पण जें कोणी मूल ह्या मार्गानें गेलें असेल, त्याला कंटाळण्यास उसंतच मिळाली नसेल. यंत्राच्या घरघरीनें कान किटलेले, वाऱ्याच्या खळग्यांनीं पोट ढवळलेलें, दर कांहीं तासांनीं इंधनासाठीं उतरणें, इराकच्या वाळवंटांत रुत्बा येथील किल्ल्यांत जेवण, रात्रीं मुक्काम. आणि मुख्य म्हणजे, खालची जमीन सारखी डोळ्यांसमोर. ह्या मार्गाच्या अम्मान ते बगदाद भागांत १९२१ सालीं ब्रिटिश हवाई दलानें वैमानिकांसाठीं जमिनीवरच वाट आंखून ठेविली होती; कोठें मोटारींच्या चाकोऱ्या, तर कोठें नांगरानें ओढलेलें तास. वैमानिक ज्या रेघेकडे पाहून विमान हांकीत असे, ती रेघ खिडकीशीं बसलेल्या मुलालाहि दिसावी! आपण कोठें आहों हें जितकें वैमानिकास ठाऊक, जवळजवळ तितकेंच त्यालाहि ठाऊक.

ह्याच काळांत, एप्रिल १९२५ मध्यें, ‘इम्पीरियल एअरवेज’ने विमानांत एक मूकपट दाखविला. कोनन डॉईलच्या कादंबरीवरून घेतलेला ‘दि लॉस्ट वर्ल्ड’ हा तो चित्रपट. त्यांत नामशेष झालेले प्रचंड सरडे पुन्हां जिवंत झालेले दाखविले होते. आजचीं मुलें त्यावर उड्या टाकतील. परंतु तेव्हां ती एक नवलाई होती आणि जाहिरातहि होती. त्या काळच्या चित्रफिती झटकन् पेट घेणाऱ्या असत. लांकडाच्या व कापडाच्या विमानांत त्या नेण्याचें धाडस ज्यांनीं केलें, त्यांच्या हिमतीचें कौतुक करावें कीं त्यांना छडी मारावी, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

मग बिघडलें कोठें? तर उंचीपाशीं. हवेचा दाब राखणाऱ्या खोलीचें पहिलें प्रवासी विमान, बोइंगचें ‘स्ट्रॅटोलायनर’, १९४० सालीं अमेरिकेंत चालूं झालें. वादळ टाळून त्याच्या वरून जातां येऊं लागलें. पोटांतलें पाणी हलणें थांबलें. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें एअर इंडिया इंटरनॅशनलचें विमान पस्तीस उतारूंना घेऊन मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें, तेंहि ह्याच जातीचें होतें. २ मे १९५२ रोजीं ‘कॉमेट’ हें जेट विमान लंडनहून जोहान्सबर्गला निघालें आणि उतारू पस्तीस हजार फुटांच्या वर गेले. प्रवास सुखाचा झाला, निर्वेध झाला. परंतु खिडकींतलें पुस्तक मिटलें. खालीं ढगांचा कापूस, वर निळें रितेपण, आणि तासन् तास त्यांत रतिमात्र फरक नाहीं. प्रौढ माणूस अशा वेळीं डुलकी घेतो, हिशेब करतो, चिंता करतो. मुलानें काय करावें?

आणि नेमकीं ह्याच सुमारास मुलें मोठ्या संख्येनें विमानांत आलीं. १९५२ सालीं अटलांटिकवरून स्वस्त दराचा वर्ग निघाला. दूरदेशीं नोकरीवर असलेल्या इंग्रजांचीं मुलें मायदेशांतील वसतिशाळांत शिकत. तीं सुटी लागली कीं विमानानें आईबापांकडे जाऊं लागलीं, पुष्कळदां एकटीं. त्यांची काळजी घेण्याचें काम हवाईसुंदरींकडे आलें. हा पेशाहि मुळांत शुश्रूषेचा होता, हें आज आपण विसरलों आहों: १९३० सालीं अमेरिकेंत ह्या कामावर प्रथम रुजू झालेली एलन चर्च ही शिकलेली परिचारिका होती, आणि तिच्याबरोबर नेमलेल्या इतर सात जणीहि परिचारिकाच होत्या.

ह्या मुलांसाठीं बी.ओ.ए.सी. ह्या ब्रिटिश कंपनीनें १९५७ सालीं जी युक्ति काढली, ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तिनें ‘ज्युनियर जेट क्लब’ स्थापन केला. मुलाला एक बिल्ला व एक नोंदवही मिळे. वैमानिक ठेवतात तशीच ती वही; तींत प्रवासाची तारीख, कोठून कोठें, किती मैल, हें लिहावयाचें आणि विमानाच्या कप्तानानें त्यावर सही करावयाची. पंचवीस हजार मैल भरले म्हणजे प्रमाणपत्र. त्या काळीं पुष्कळ विमानांत, उड्डाण स्थिरावल्यावर, मुलांना कप्तानाच्या खोलींत नेऊन तेथील घड्याळें व कळा दाखवीत. आतां ह्यांत करमणूक अशी कोणती? गाणें नाहीं, चित्र नाहीं, खेळणें नाहीं. पण त्या मुलाला प्रवासांत वांटा मिळाला होता. तें सामानासारखें नेलें जात नव्हतें. तें प्रवास करीत होतें. चाळीस मुलांच्या वर्गांत दंगेखोर पोराला शांत करण्याचा उपाय त्याला गोष्ट सांगणें हा नसून त्याच्या हातीं हजेरीपट द्यावा हा आहे, हें कोणीहि जुना शिक्षक सांगेल. त्या कंपनींत एखादा निवृत्त शिक्षक नोकरीस होता कीं काय, अशी मला दाट शंका आहे.

नंतर मात्र वारें फिरलें. १९ जुलै १९६१ रोजीं टी.डब्ल्यू.ए. कंपनीनें न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस विमानांत नियमित चित्रपट सुरू केले. पहिला चित्रपट ‘बाय लव्ह पझेस्ड’ हा मोठ्यांच्या प्रेमप्रकरणांचा, आणि तोहि केवळ वरच्या वर्गासाठीं. तेव्हां मुलांच्या वांट्यास त्यांतलें कांहीं आलें नसावें. पुढें त्याच दशकांत डॉक्टरांच्या नळीसारख्या पोकळ नळ्या कानांत घालून संगीत ऐकण्याची सोय झाली. सर्वांना एकच पडदा व एकच चित्रपट, ही व्यवस्था कित्येक वर्षें चालली. पुढें १९८८ सालीं नॉर्थवेस्ट कंपनीनें समोरच्या खुर्चीच्या पाठींत पावणेतीन इंचांचा स्वतंत्र पडदा बसविला. ज्याचा त्याचा पडदा, ज्याची त्याची निवड! आणि ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत विमानांचें अपहरण होऊन तो भीषण संहार घडल्यावर कप्तानाच्या खोलीचें दार पोलादी झालें व उड्डाणांत तें उतारूंना कायमचें बंद झालें. त्याविषयीं तक्रार करण्याची सोय नाहीं. जीव वांचविणें आधीं. परंतु एक दार बंद होत असतांना दुसरीकडे पडदा मोठा होत गेला, हा योग इतिहासांत नोंदविण्याजोगा आहे.

पडद्याची निंदा करावयास मी येथें आलेलों नाहीं. दोन लहान मुलांना घेऊन एकटी प्रवास करणाऱ्या आईला त्यानें दिलेला विसांवा मी पाहिला आहे. अमेरिकेनें १९६५ सालीं आपला कायदा बदलल्यावर आमच्याकडचे डॉक्टर व इंजिनियर तिकडे गेले. त्यांचीं मुलें आजीआजोबांना भेटण्यासाठीं वीस-वीस तास आकाशांत व विमानतळांवर काढीत आलीं आहेत. त्या आयांना उपदेश करण्याचा अधिकार घरीं बसलेल्या म्हाताऱ्यांना नाहीं. मला तर एकाच प्रवासांत घाम फुटला.

झालें असें, कीं आमच्या रांगेंतले पडदे विमान निघाल्यापासूनच काळे पडलेले होते. कंपनीचें नांव घेत नाहीं. यंत्र आहे, बिघडावयाचेंच. हवाईसुंदरीनें दोनदां क्षमा मागितली. पुढें साडेनऊ तास! पहिला तास मीं शिवछत्रपतींच्या आग्र्याहून सुटकेवर काढला. दुसऱ्या तासाला नातू समोरच्या खुर्चीला लाथा मारूं लागला आणि पुढच्या गृहस्थांनीं मान वळवून माझ्याकडे पाहिलें. पस्तीस वर्षांच्या नोकरींत कोणा निरीक्षकानेंहि माझ्याकडे तसें पाहिलें नव्हतें. मग फुली-गोळा झाला, नांव-गांव-फळ-फूल झालें. शेजारीं लेकीच्या बाळंतपणासाठीं निघालेल्या कोल्हापूरकडच्या एक बाई होत्या, व त्यांच्या पलीकडे एक कॉलेजकुमार. त्या दोघांना घेऊन राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या टाकल्या. बाईंना सारखी चोराचीच चिठ्ठी येई आणि त्या खोखो हंसत. पण खेळहि संपतात.

शेवटीं मला त्या जुन्या नोंदवहीविषयीं कोठेंतरी वाचलेलें आठवलें. चिठ्ठ्यांच्या वहींत मीं पट्टीवांचून रकाने आंखले: तारीख, कोठून, कोठें, मैल, कप्तानाची सही. ‘मैल किती?’ नातवानें विचारलें. हवाईसुंदरीला विचारून ये, म्हटलें. तो उठून गेला, आणि ‘सुमारें साडेचार हजार’ हें उत्तर घेऊन आला. मग त्यालाच प्रश्न सुचूं लागले. आतां खालीं कोणता देश? बाहेर थंडी किती? प्रत्येक प्रश्नाला एक खेप, प्रत्येक उत्तराला एक ओळ. त्या मुलीनें, काम सांभाळून, एकदांहि कपाळाला आंठी घातली नाहीं.

उतरतांना मात्र तो रडला. कान दुखत होते. विमान खालीं येतांना आंतील हवेचा दाब वाढतो. नाकामागून कानाकडे जाणारी नळी मुलांत अरुंद असते, ती चटकन् उघडत नाहीं. गिळलें कीं उघडते. म्हणूनच आमच्या देशांतल्या विमानांत पूर्वीं गोळ्यांचें व कापसाचें तबक फिरवीत असत. तें केवळ आदरातिथ्य नव्हतें. त्या दिवशीं तबक आलें नाहीं. कोल्हापूरच्या बाईंनीं पदराची गांठ सोडली. ‘हें घे बाळा, खडीसाखर. चावूं नको, चघळ,’ त्या म्हणाल्या. तीन खडे संपेपर्यंत चाकें जमिनीला लागलीं होतीं.

सगळे उतारू उतरल्यावर ती मुलगी आम्हांला पुढें घेऊन गेली. यंत्रें थांबलीं होतीं. पोलादी दार उघडें होतें. कप्तानानें वही पाहिली, बाहेरची थंडी ज्या ओळींत लिहिली होती तेथें उणे चिन्ह राहिलें होतें तें स्वतःच्या लेखणीनें घातलें, आणि खालीं सही केली. नातवानें ती सही बराच वेळ न्याहाळली व मला विचारलें, ‘आजोबा, ह्यांचें नांव काय?’ पेशव्यांच्या दप्तरांतले मोडी कागद मीं वाचलेले आहेत. परंतु ती सही कांहीं मला वाचतां आली नाहीं.