क्योतो, २०२१: प्रती जपणाऱ्या स्क्रिप्टने मूळ फायली पुसल्या तेव्हा

१/ हस्तलिखितांच्या काळी लेखनिकाला डुलकी लागली की पोथीतली ओळ गळत असे. यंत्राला डुलकी लागत नाही. तरीही डिसेंबर २०२१मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात प्रती जपण्यासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टनेच मूळ फायली पुसल्या. त्याविषयी हा थ्रेड.

२/ आधी पूर्वपीठिका. सर्व्हरवरील एका डिरेक्टरीतील फायली रोज हाताने दुसरीत उतरवणे जिकिरीचे. म्हणून त्या आज्ञा क्रमाने एका फाइलीत लिहून ठेवतात, तीच स्क्रिप्ट. ठरल्या वेळी ती आपोआप सुरू करणारा ‘क्रॉन’ १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही होता.

३/ १९९६मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ आणले. अख्खी फाइल पुन्हा न पाठवता बदललेला भाग तेवढा पाठवायचा, ही त्याची युक्ती.

४/ क्योतोच्या महासंगणकावरील स्क्रिप्टकडे प्रती घेण्याबरोबर दहा दिवसांहून जुन्या लॉग फायली पुसण्याचेही काम होते. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने तिच्यात सुधारणा केली. व्हेरिएबलांची नावे अधिक सुबोध केली.

५/ परंतु नवी स्क्रिप्ट जुनीवर ठेवली, तेव्हा जुनी चालूच होती. ‘बॅश’ संपूर्ण स्क्रिप्ट आधी वाचत नाही. वाचत वाचत आज्ञा पाळतो. त्यामुळे आरंभ जुन्या मजकुराचा आणि पुढचा भाग नव्याचा, अशी गत झाली. नव्या नावांना मूल्य मिळालेच नव्हते. पुसण्याच्या जागेचा पत्ता रिकामा राहिला आणि ती आज्ञा संशोधकांच्या फायलींवर चालली.

६/ १४ ते १६ डिसेंबरदरम्यान सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. १४ संशोधनगटांना फटका बसला. त्यांपैकी ४ गटांचे साहित्य बॅकअपमधूनही परत आणता आले नाही. कंपनीने जबाबदारी स्वीकारली.

७/ यानंतर विद्यापीठाने मूळ साठ्याची तंतोतंत प्रत ठेवण्याबरोबरच वेळोवेळच्या बदलांचे बॅकअपही ठेवण्याचे ठरवले. कारण तंतोतंत प्रत आरशासारखी असते: मूळ पुसले गेले की पुढच्या फेरीत तीही पुसली जाऊ शकते. कालची आणि परवाची प्रत मात्र शाबूत राहते.

८/ पोथीचा अभ्यासक निरनिराळ्या काळांतील प्रती ताडून पाहतो, तो याच कारणाने. दफ्तरखान्यात टिपलेल्या कागदांची छायाचित्रे तुमच्याकडेही असतील. त्यांच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रती ठेवा, आणि अधूनमधून एखादी उघडून पाहा.