चवदार तळ्याचे कागद आणि तळ्याकांठचें प्रदर्शन

महाड येथील चवदार तळ्यावर ता. २० मार्च १९२७ रोजीं, शके १८४८ च्या फाल्गुनांत, अस्पृश्य मानलेल्या समाजानें पाण्याचा हक्क बजावला. त्या गोष्टीस २०२७ सालीं शंभर वर्षें होतात. त्या निमित्तानें कांहीं तरुण मंडळी एक प्रदर्शन मांडूं इच्छितात व त्याचा मसुदा तपासण्यासाठीं त्यांनीं तो आमच्याकडे आणला. हें प्रदर्शन भिंतीवर टांगावयाचें नाहीं. पाहणारानें तळ्याच्या कांठीं उभें राहून मोबाईल फोन समोर धरावा. त्यांतील कॅमेरा समोरचें पाणी व पायऱ्या दाखवील, आणि त्याच चित्रावर जुना कागद, नकाशा, माणसांच्या आकृति यांची भर पडेल. इंग्रजींत यास ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. आम्हीं त्यांस म्हटलें कीं, यास आमच्याकडे जुना शब्द आहे, अध्यास. पुढें रज्जुसर्पाचा दृष्टांत येणार हें ओळखून ते हसले. परंतु दृष्टांत खरोखरच लागू आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम घटनेचा क्रम सांगणें अवश्य आहे, कारण त्यांतील तारखा लोकांच्या बोलण्यांत फार गोंधळलेल्या आढळतात. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत झाला. सरकारी खर्चानें बांधलेलीं वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यांतील तळीं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुलीं करावीं, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेनें जानेवारी १९२४ मध्यें त्यास अनुसरून तळें खुलें केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला व पाणी जेथल्या तेथें. पुढें १९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. परिषदेस पिण्याचें पाणी हवें म्हणून स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. मसुद्यांत हा आंकडा नव्हता. आम्हीं तो घालावयास लावला. एवढा एक आंकडा लांबलचक विवेचनाहून अधिक बोलका आहे.

दुसऱ्या दिवशीं अनंतराव चित्रे यांच्या सूचनेवरून परिषद उठून तळ्याकडे चालूं लागली व डॉ. आंबेडकरांनीं आणि त्यांच्या मागोमाग इतरांनीं पाणी घेतलें. यानंतर अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी आवई उठून मंडपावर व परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. कित्येकांस मुसलमानांच्या घरांनीं आसरा दिला. मागाहून १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य घालून तळें शुद्ध केल्याचें जाहीर झालें. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावास त्याच तारखेस बरोबर चार वर्षें होत होतीं. हा केवळ योगायोग असावा.

डिसेंबरांत पुन्हां तळ्यावर जाण्याचें ठरतांच १२ तारखेस दिवाणी दावा दाखल झाला व १४ तारखेस मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरच्या परिषदेस हिंदूंकडून जागा मिळेना, ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें दिली. मनुस्मृति जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनीं मांडला, ते जन्मानें ब्राह्मण. डॉ. आंबेडकरांनीं भाषणांत १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेची तुलना या परिषदेशीं केली. परंतु मनाई हुकूम मोडावयाचा नाहीं, असा निर्णय झाला, आणि मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. मंडपांत त्या वेळीं गांधींचें चित्र लाविलेलें होतें. मसुद्यांतील मंडपांत तें गाळलें होतें. पुढें या दोन पुरुषांत काय वाद झाले हें आम्ही जाणतों. पण १९३२ चा कलह १९२७ च्या मंडपांत मागें नेऊन टांगणें हा इतिहास नव्हे. चित्र परत आलें.

आतां ज्या साधनाकडे आमच्या वाचकांचें लक्ष आम्ही मुद्दाम वेधूं इच्छितों तें म्हणजे या दाव्याचें दप्तर. महाडच्या न्यायालयाचा निकाल ८ जून १९३१ रोजीं झाला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयांतील अपील ३० जानेवारी १९३३ रोजीं फेटाळलें गेलें, आणि मुंबई हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं शेवटचा निकाल दिला. पाणी घेतल्यास दहा वर्षें होण्यास तीन दिवस उणे होते. न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया. यांपैकीं ब्रूमफील्ड तेच, ज्यांनीं १९२२ सालीं अहमदाबादेस गांधींस शिक्षा सांगितली होती. वादींचें म्हणणें असें कीं, अनादि रूढीनें हें तळें स्पृश्यांचेंच आहे. म्हणून न्यायालयास जें पाहावें लागलें तें आम्हां संशोधकांचेंच काम होतें : तळें किती जुनें, कोणीं खोदविलें, कांठ कोणाचे, रूढि केव्हांपासूनची. निकालपत्रांत नोंद आहे कीं तळ्याचा विस्तार चार ते पांच एकर, चहूंकडून नगरपालिकेचे रस्ते, त्यांपलीकडे घरें, आणि पायऱ्या व कांठाच्या पट्ट्या बऱ्याच ठिकाणीं त्या घरमालकांच्या. तळें अडीचशें वर्षांहून कमी जुनें नाहीं हें उभयपक्षीं मान्य होतें. मूळ कोणाचें याचा पुरावा पुढें आला नाहीं. अनादि रूढि सिद्ध झाली नाहीं असें ठरून अपील निकालांत निघालें.

येथें आमच्या स्वतःच्या विद्येविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत शिकविलें, आणि चवदार तळें पाठ्यपुस्तकांतील एका वाक्यापलीकडे वर्गांत कधीं नेलें नाहीं. शुद्धीचा विधि ज्या ग्रंथांच्या आधारें झाला असें सांगितलें जाई, त्याच परंपरेंत जलाशयोत्सर्ग नांवाचा विधि आहे. नीलकंठभट्टांचा उत्सर्गमयूख त्याच विषयावर आहे, व महामहोपाध्याय काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत त्याचा परामर्श घेतला आहे. दानांत वस्तु एकाकडून दुसऱ्याकडे जाते. उत्सर्गांत खोदविणारा आपलें स्वामित्व सोडून पाणी सर्व भूतांस अर्पण करतो, व पुढें स्वतः पितो तो त्या सर्वांपैकीं एक म्हणून. यावरून शास्त्र सर्वथा अनुकूल होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच निबंधग्रंथांत अंत्यजांच्या स्पर्शाचे निषेधही भरपूर आहेत. परंतु तळें बाटलें असें म्हणणारांनीं पोथीचें एकच पान उघडलें, हें मात्र नमूद केलें पाहिजे. मसुद्यांत शुद्धीच्या प्रसंगीं एक घोषपूर्ण मंत्र घातला होता. त्या दिवशीं अमुकच मंत्र म्हटला गेला यास आधार नसल्यामुळें तो आम्हीं काढावयास सांगितला.

खरा मतभेद झाला तो चेहऱ्यांविषयीं. तळ्यावर पाणी पीत असलेल्या जनसमुदायाचीं जीं चित्रें व शिल्पें आज सर्वत्र दिसतात, तीं मागाहूनचीं कल्पनेनें घडविलेलीं आहेत. मसुद्यांत यंत्राकडून रचून घेतलेले शेंकडों चेहरे होते, इतके हुबेहूब कीं पाहणारास छायाचित्रच वाटावें. आम्हीं हरकत घेतली. त्यांतील एक मुलगी, जिचे पणजोबा त्या मिरवणुकींत होते असें त्यांच्या घरांत सांगतात, म्हणाली, "सर, आमच्या माणसांचे फोटो कोणी काढले नाहींत. आतां तुम्हीही त्यांना चेहरा देऊं नका म्हणतां."

यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, आणि तें दोन दिवस सुचलें नाहीं. शेवटीं आम्ही आमच्या धंद्यांतील रीतीकडे वळलों. समासांतील टीप पुढील लेखक मूळ संहितेंत उतरवून घेतो व प्रक्षेप जन्मास येतो, हें हस्तलिखितें चाळणारा प्रत्येकजण जाणतो. तळें ही पोथी, फोनमधील चित्र हा समास. दोहोंमधील रेघ पुसली कीं दोरीचा साप झालाच. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत अनिश्चित पाठ गाळला नाहीं. त्याच्याखालीं नागमोडी रेघ दिली. तीच रेघ आम्हीं या मंडळींस सुचविली. ठराव, हुकूम, निकालपत्र व समकालीन वृत्त यांवरून जें दिसतें तें सरळ रेघेनें. घरोघरच्या आठवणी नागमोडी रेघेनें, आणि त्या सांगणाराच्या आवाजांत, कोणाच्या घरांतील व कितव्या पिढींतील हें सांगून. माणसें दिसावींत, पण बाह्यरेषेनें. चेहरा त्याचाच, ज्याचें छायाचित्र वंशजांनीं आणून दिलें असेल, मग तें पुढील वयांतील असलें तरी चालेल. त्या मुलीनें पणजोबांचें म्हातारपणचें एक छायाचित्र आणलें आहे. दुसऱ्या कित्येकांजवळ तेंही नाहीं. त्यांच्या बाह्यरेषा रिकाम्याच राहतील, व तें पाहतांना आम्हांस बरें वाटणार नाहीं.

आणखी एक अडचण. फोन उपग्रहांवरून जागा ओळखतो तेव्हां कांहीं मीटरांची चूक सहज राहते, आणि तेवढ्यांत एका घाटाची पायरी दुसऱ्याची होते. यासाठीं कांठावर छापील खुणा लावाव्यात, असें ठरलें.

उरला प्रश्न कागदांचा. आमच्या परिचयाच्या एका संग्राहकांकडे त्या दाव्याच्या काळांतील एक खाजगी टिपणवही आहे. तींत आपल्या आजोबांचें नांव विरोधकांत येतें म्हणून ते ती दाखविण्यास नाखूष होते. त्यांची अडचण आम्हांस समजते. तथापि याच प्रकारच्या नियतकालिकांतून आम्हीं सर्वांनीं पेशवाईंतील लांचखाऊंचीं व फितुरांचीं नांवें नि:संकोच छापिलीं, त्यांचे वंशजही हयात होते. १७२७ चा कागद साधन आणि १९२७ चा कागद घराण्याची अब्रू, असा भेद कोणत्या नियमानें करावयाचा? असें आम्हीं त्यांस कळविलें. त्यांचें उत्तर आलें कीं मूळ वही घराबाहेर जाणार नाहीं. नक्कल करून घ्यावी, मात्र अक्षर मोडी आहे. प्रदर्शनाच्या मंडळींपैकीं दोघेजण सध्यां आमच्याकडे रोज संध्याकाळीं मोडी शिकण्यास येतात. महाड परिसरांतील पाणी, पाणवठे वा तळ्याचे घाट यांसंबंधीं कोणा संग्राहकाच्या रुमालांत कांहीं असल्यास, विशेषतः नगरपालिका होण्यापूर्वींचें, त्यांनीं त्याची नक्कल या त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवावी.