मडक्याचं तोंड

बत्तीस शिराळ्यात नाग ठेवायचा तो कोऱ्या मडक्यात. माझं आजोळ तिथलं. नागपंचमीच्या आधी मंडळी बांधाबांधाने हिंडून नाग धरून आणत आणि सणापर्यंत तो घरातच मुक्कामाला असे. मामा प्रत्येक मडकं बोटाने वाजवून बघायचे. बद्द आवाज आला की ते बाजूला. त्यात कुठेतरी चीर असणार. तोंडाला धुतलेल्या जुन्या सुती कापडाचा दादरा, तोही एकेरी, आत हवा खेळावी म्हणून. कापड ताणून गळ्याखाली सुतळीचे वेढे द्यायचे आणि गाठ अशी मारायची की एका हाताने सुटू नये. मग मडकं आढ्याला टांगायचं, पोरांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या वाटेबाहेर.

मातीचं मडकं पाझरतं, म्हणून आत गारवा राहतो. अंधारात नाग वेटोळं करून निवांत पडतो. वर चढू लागला तर मडक्याची भिंत तोंडाकडे आत झुकत जाते आणि अंगाला रेटा द्यायला जागाच मिळत नाही. धोका उरतो तो फक्त तोंडाशी.

गारुड्याच्या टोपलीला मी घर म्हणणार नाही. तिथे नुसतं झाकण पुरतं, कारण आतल्या नागाचे दात पाडलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं. घर भक्कम करायचं सोडून जनावरच मोडून ठेवलेलं. शिराळ्यात दात पाडायचे नाहीत असा रिवाज होता, म्हणून गाठीला एवढं महत्त्व.

पण घर नुसतं भक्कम असून भागत नाही. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सर्पालय उघडलं. १८५२च्या ऑक्टोबरात तिथला राखणदार एडवर्ड गर्लिंग जिन पिऊन कामावर आला आणि त्याने नाग हातात धरून पेटीबाहेर काढला. नाग नाकाला डसला. गर्लिंग त्याच दिवशी गेला. पेटीत काही खोट नव्हती. ती उघडणारा माणूस शुद्धीत नव्हता.

घरात विषारी साप पाळायचा तर पेटी कुठली घ्यावी, असं हल्ली तरुण पोरं विचारतात. मी कुठलीच सुचवत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते बंद केलं आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर नाग नि घोणस अनुसूची १मध्ये गेले आहेत. आमच्या शिराळ्यातली जिवंत नागांची पूजाही न्यायालयाच्या आदेशाने थांबली. गावाला ते लागलं, पण नागांच्या बाजूने पाहता आदेश योग्यच होता.

मडक्याचं चीज झालं ते चेन्नईजवळच्या वडनेम्मेलीत. सापाच्या कातड्यांचा व्यापार बंद पडल्यावर साप धरून जगणाऱ्या इरुळा आदिवासींच्या पोटावर पाय आला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं धरून आणायचं, विष काढायचं आणि ते प्रतिविष करणाऱ्या कंपन्यांना विकायचं. साप ठेवायला तिथेही मडकीच: आत वाळू, तोंडाला सुती कापड, वर दोरी. एकेक साप साधारण तीन आठवडे राहतो, तेवढ्यात काही वेळा त्याचं विष काढतात आणि त्याला पुन्हा रानात सोडतात.

सोडण्याआधी त्याच्या पोटाखालच्या खवल्यावर खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जात नाही. मामांच्या मडक्यात बाकी सगळं होतं. धरलेल्या नागावर अशी खूण करायची पद्धत मात्र आमच्याकडे नव्हती.