आकाशाची संहिता आणि एक आकडा

क्ष-किरण वातावरण भेदून जमिनीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून जून 1962मध्ये रिकार्डो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतून अग्निबाण सोडला. अवघ्या 350 सेकंदांच्या निरीक्षणात वृश्चिक राशीकडून येणारे प्रखर क्ष-किरण सापडले. सूर्यमालेबाहेरचा हा पहिला ज्ञात क्ष-किरण उगम. एवढ्या नोंदी माणसाच्या नजरेला पेलण्याजोग्या होत्या. 1970 साली उडालेल्या ‘उहुरू’ उपग्रहाच्या चौथ्या सूचीतही (1978) उगम होते 339.

1999 साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण अवकाशात गेली. ती आपल्यावर येणाऱ्या फोटॉनची जागा, वेळ आणि ऊर्जा नोंदते. हाती येते ती नोंदींची लांबलचक यादी, आणि तीत वैश्विक किरणांनी उमटवलेल्या खोट्या नोंदीही मिसळलेल्या असतात. एवढी निवड हाताने होणे नाही. ते काम संगणकाच्या आज्ञावल्यांकडे गेले. ‘वेव्हडिटेक्ट’ ही त्यांतली एक. ती प्रतिमेवर लहानमोठ्या मापांच्या गाळण्या फिरवते आणि पार्श्वभूमीच्या मानाने फोटॉनांची दाटी कोठे आहे ते शोधते.

दाटी किती झाली म्हणजे उगम मानायचा, हे मात्र माणसानेच सांगावे लागते. प्रचलित मर्यादा दहा लाखांत एक अशी आहे. म्हणजे दहा लाख बिंदूंच्या प्रतिमेत साधारण एक खोटा उगम आपण जाणूनबुजून पत्करतो. मर्यादा सैल केली तर भास वाढतात. आवळली तर क्षीण पण खरे उगम निसटतात.

यंत्र आले की माणसाचा निर्णय संपतो, हा समज आम्हांला म्हणूनच पटत नाही. पूर्वी जो निर्णय जागोजागी घ्यावा लागे, तो आता एका आकड्यात साठला आहे. त्यामुळे सगळ्या आकाशाला एकच माप लागले, हा मोठाच लाभ. पण तो आकडा न पाहता सूची वाचणे म्हणजे संपादकाची प्रस्तावना न वाचता संहिता प्रमाण मानणे होय.

पाठचिकित्सक त्याज्य पाठही तळटीपेत राखतो. ‘चंद्रा’च्या संग्रहातही मूळ नोंदी जपलेल्या आहेत. म्हणूनच सूचीच्या 2019च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी नव्या निरीक्षणांची भर घालताना जुनी निरीक्षणेही एकत्र रचून पुन्हा वाचता आली. पहिल्या आवृत्तीतले सुमारे 95 हजार उगम सुमारे 3 लाख 17 हजारांवर गेले. त्यांतले काही जुन्या नोंदींतच वाचकाची वाट पाहत होते.