टेबलावरचा फोन आणि कायद्याची भिंत

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोरचे बंदर 2001 साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी, 1 एप्रिल 2002 रोजी, भारतात इंटरनेट टेलिफोनीला मान्यता मिळाली. पण ती अर्धीच होती. संगणकावरून परदेशातील फोनवर बोलता येई, देशातील फोनवर नाही.

अडचण तंत्राची नव्हती. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर करण्याची पद्धत 1972 मध्येच प्रमाणित झाली होती. अडचण महसुलाची होती. समजा, एन्नोरच्या एखाद्या कार्यालयाने आपल्या खासगी जाळ्यातून आवाज मुंबईच्या शाखेत नेला आणि तेथून स्थानिक फोनलाइनवर सोडला, तर एसटीडीचे शुल्क बुडे. म्हणून हा मार्ग निषिद्ध ठरला.

अभियंत्यांनी मग सॉफ्टवेअरमध्येच भिंत उभारली. तिचे नाव 'लॉजिकल पार्टिशनिंग'. फोन कोठे आहे हे पाहून यंत्रणा कॉल जोडते किंवा नाकारते. टेबलावरचा आयपी फोन जागा सोडत नाही, म्हणून तो या नियमात सहज बसला. त्याच क्रमांकाचा लॅपटॉपवरील सॉफ्टफोन मात्र मालकाबरोबर गावोगाव हिंडतो.

2018 मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून देशातील कोणत्याही फोनशी जोडण्याची मुभा मिळाली. टाळेबंदीने कार्यालये घरी पोहोचवली, तेव्हा नोव्हेंबर 2020 आणि जून 2021 मध्ये कॉल सेंटरसारख्या सेवांचे नियमही सैल झाले. आवाज केव्हाच अंतरातून मुक्त झाला होता; कायद्याला मात्र त्याचा पत्ता विसरण्यास दोन दशके लागली, आणि तोही पुरता विसरलेला नाही.